पुस्तकातली बाई आणि केसपेपरातली बाई

(माजलगाव येथे कार्यकर्त्या मैत्रिणींच्या तिमाही बैठकीत ‘मी अलीकडे वाचलेली पुस्तकं’ या विषयावर केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

दर तीन महिन्यांनी आपण भेटतो तेव्हा केसेसचा आढावा घेतो, पुढची कामं वाटून घेतो आणि शेवटची एसटी चुकू नये म्हणून धावत सुटतो. या वेळी ठरलं की एक तास पुस्तकांसाठी काढायचा. माझ्या पिशवीत कायम एखादं पुस्तक असतं हे तुम्ही पाहिलेलं आहे, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. पण ते पुस्तक महिना महिना पिशवीतच असतं, हेही प्रामाणिकपणे सांगते. माझं वाचन बीडला जाता-येता एसटीत होतं, नाहीतर कोर्टाच्या व्हरांड्यात, पुकारा होण्याची वाट बघताना. मी समीक्षक नाही. पुस्तक चांगलं की वाईट हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. वाचताना मला काय झालं, कुठे राग आला, कुठे लाज वाटली, एवढंच सांगणार आहे.

समाजकार्याचं एम.ए. करताना मी पुष्कळ वाचलं होतं. पण ते परीक्षेसाठी. नोकरीला लागल्यावर वाचन सुटलं. ते पुन्हा सुरू झालं त्याला एक प्रसंग कारणीभूत आहे आणि तो माझ्या चुकीचा आहे.

दोनेक वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आली होती. नाव-गाव सांगत नाही. दोन तास ती बोलत होती. मारहाण, सासूचं बोलणं, दोन लेकरं, माहेरी भावजयीच्या दारात राहणं. मी ऐकलं आणि अर्जासोबत जोडायला तिचं निवेदन दीड पानात लिहिलं. तुम्हाला आपली भाषा माहीत आहे. ‘सदर महिलेस विवाहानंतर सहा महिन्यांनी पतीकडून मारहाण होऊ लागली. सदर महिला सध्या माहेरी वास्तव्यास आहे.’ अंगठा घेण्याआधी वाचून दाखवायचं असतं, म्हणून मी वाचून दाखवलं. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “ताई, ही सदर कोण?”

मी हसले. म्हटलं, “तुम्हीच की.” ती हसली नाही. म्हणाली, “मग ह्यात माझी म्हैस कुठं हाय?”

तिच्या आईनं तिला लग्नात एक म्हैस दिली होती. दोन तासांतला निम्मा वेळ ती त्या म्हशीबद्दलच बोलत होती. किती दूध द्यायची, कशी हिच्याच हाताला पान्हवायची, नवऱ्यानं हिला न विचारता बाजारात कशी नेऊन विकली. मला वाटलं, बाईचं मन भरून आलंय, बोलू द्यावं. पण लिहिताना मी म्हैस गाळली, कारण मला ते विषय सोडून चाललेलं बोलणं वाटलं. खरं म्हणजे आईनं दिलेली म्हैस हे तिचं स्त्रीधन होतं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात स्त्रीधन परत मागता येतं आणि ते हिसकावून घेणं ही आर्थिक हिंसा धरली जाते. शिबिरांमध्ये हेच कलम मी इतरांना शिकवते! जी बाई अंगठा उठवणार होती तिला आपलं म्हणणं बरोबर ठाऊक होतं. पदवी घेतलेल्या मला ते ऐकूच आलं नव्हतं.

आम्ही निवेदन पुन्हा लिहिलं. म्हशीची किंमत अर्जात आली. ती मिळेल का हे अजून ठरलेलं नाही. पण त्या दिवसापासून मला एक सवय लागली. बाईबद्दल लिहिलेलं काहीही हातात आलं की मी बघते, हे कोणी लिहिलं, कोणाला वाचून दाखवलं, आणि यातली म्हैस कुठे आहे. आज ज्या पुस्तकांबद्दल बोलणार आहे ती मी याच नजरेनं वाचली.

पहिलं पुस्तक ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’. १८८२ साली पुण्यात छापलं गेलेलं छोटंसं पुस्तक. ताराबाई आपल्या शेजारच्या विदर्भातल्या, बुलढाण्याच्या. सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर, लग्नाबाहेर झालेलं मूल मारल्याचा खटला १८८१ साली चालला. तिला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे अपिलात कमी झाली. त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर जे लिहून येत होतं, त्याचा संताप येऊन ताराबाईंनी हे पुस्तक लिहिलं. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. बाकीच्यांनी पुस्तक जवळजवळ गिळूनच टाकलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं तेव्हा ते आपल्यापर्यंत आलं. म्हणजे मधे नव्वदच्या वर वर्षं गेली.

पहिली काही पानं मला जड गेली. जुनी भाषा, लांबलचक वाक्यं. मग एकदम सूर सापडला आणि लक्षात आलं की ही बाई भांडते आहे. पंचायतीसमोर उभं राहून, पदर खोचून भांडावं तशी. जो दोष बायकांना लावता तो तुमच्यात किती आहे ते मोजू या, असा तिचा सरळ हिशोब आहे. एसटीत वाचताना मी मोठ्यानं हसले आणि शेजारच्या आजीनं विचारलं, “काय गं, कुणाचं पत्र हाय?”

मी हे वाचत होते त्याच महिन्यात उसाच्या फडाजवळ एक नवजात बाळ सापडल्याची बातमी आली होती. मथळ्यात ‘निर्दयी माता’ असे शब्द होते. आतल्या मजकुरात बाळ कसं सापडलं, कोणी उचललं, पोलीस केव्हा आले, सगळं होतं. बापाबद्दल एक अक्षर नव्हतं. १८८१ आणि आज यांत एवढी वर्षं लोटली, आणि मथळा लिहिणारा हात तोच! मला फार निराश वाटलं. मग विचार केला, निदान ताराबाईंसारखं उत्तर तरी द्यावं. आम्ही तिघींनी मिळून त्या वर्तमानपत्राला पत्र पाठवलं. छापलं नाही.

पण या पुस्तकाबद्दल एक तक्रारही आहे. ज्या विजयालक्ष्मीमुळे ते लिहिलं गेलं ती स्वतः त्यात बोलत नाही. ताराबाई तिच्या वतीनं बोलतात. त्या बुलढाण्याला, ती तुरुंगात. दुसरं काय करणार? तरी मला सारखं वाटत राहिलं की खटल्याच्या कागदपत्रांत तिलाही कोणीतरी ‘सदर’ केलं असेल, आणि तिला जे सांगायचं होतं ते कुठेच उतरलं नसेल.

दुसरं पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी शाळेत त्यातला धडा वाचला असेल. मलाही ते तसंच माहीत होतं. खेळकर बाई, विक्षिप्त पण मोठ्या मनाचा कवी नवरा, गोड संसार. शिक्षकांनी आम्हाला तसंच शिकवलं.

यंदा पावसाळ्यात नवऱ्यानं टाकलेल्या आपल्या मैत्रिणींच्या गटात मी ते मोठ्यानं वाचलं. आठवड्यातून एकदा, अर्धा तास. ज्या ठिकाणी आम्ही वर्गात हसायचो त्या ठिकाणी या बायका हसल्या नाहीत. रेव्हरंड टिळक रागाच्या भरात घर सोडून जातात, कुठे गेले ते सांगत नाहीत, आणि लक्ष्मीबाई मागे राहतात. हे आलं की गटात शांतता. मग एक जण म्हणाली, “आमचा बी असाच गेला. फक्त त्याला कविता येत नव्हत्या.” यावर मात्र सगळ्या हसल्या, आणि ते हसू लक्ष्मीबाईंच्याच जातीचं होतं. दुःख सांगायचं, पण रडगाणं करायचं नाही.

१८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे परत गेल्या आणि बऱ्याच विचारानंतर १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्या मधल्या वर्षांबद्दल गटातल्या बायकांचे प्रश्न फार नेमके होते. खायला कोण घालायचं? मुलगा कोणाजवळ होता? नातेवाईक काय म्हणायचे? साहित्याच्या वर्गात हे प्रश्न आम्हाला कधी सुचले नव्हते. आम्ही ‘विनोदाची वैशिष्ट्ये’ लिहीत होतो. आणि लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकलेल्या या बाईनं सगळ्या प्रश्नांची उत्तरं पुस्तकात देऊन ठेवली आहेत. माहेरचं कडक सोवळं, जातीचा विटाळ मनातून हळूहळू कसा गेला, पैशाची ओढाताण, भांडणं, सगळं. तिनं म्हैस गाळलेली नाही. आम्हीच ती वाचताना गाळत होतो.

एकीनं मात्र मला अडवलं. म्हणाली, “ताई, ती परत गेली ना? मंग तुम्ही हे वाचून आम्हालाबी परत जा म्हणता का?” मी गडबडले. म्हटलं, नाही. पण घरी आल्यावर विचार केला की आपण जे वाचून दाखवतो त्याचा ऐकणारी काय अर्थ घेईल, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. पुढच्या आठवड्यात चर्चा मुद्दाम यावरच घेतली. परत जाणं म्हणजे काय, कोणत्या अटींवर, कोणाच्या निर्णयानं. एवढी चांगली चर्चा एखाद्या कायद्याच्या माहितीपत्रकावर कधी झालेली मला आठवत नाही.

तिसरं पुस्तक बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. बेबीताई फलटणच्या. त्यांचं लेखन १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. महारवाड्यातलं जगणं, भूक, अंधश्रद्धा, बाळंतपणात मरणाऱ्या पोरी, सुनांवरचा जाच, आणि मग बाबासाहेबांच्या चळवळीनं आलेली जाग. मी हे पुस्तक सलग वाचू शकले नाही. दोनदा खाली ठेवलं. सासुरवाशिणींचे हाल वाचताना मला माझ्या समोर बसलेल्या बायकांचे चेहरे दिसत होते आणि मी त्यांच्याबद्दल ‘पीडित’ हा एकच शब्द वापरत आले, याची लाज वाटत होती.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते पुस्तकाच्या बाहेरच्या गोष्टीनं. बेबीताई छोटं किराणा दुकान चालवत. दुकानात बसल्या बसल्या त्यांनी हे लिहिलं, आणि ती वही कैक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवली. २००८ साली माया पंडित यांनी पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, त्यात बेबीताईंची मुलाखत आहे. तिथे त्यांनी सांगितलं की नवरा संशय घ्यायचा, मारायचा. पुस्तकात हे जवळजवळ नाहीच. पुस्तकभर त्या ‘आम्ही’ म्हणतात. समाजाचं दुःख सांगताना स्वतःच्या घरातलं दुःख त्यांनी बाजूला ठेवलं.

यावर मी बराच विचार केला. आधी वाटलं, अरे, म्हणजे इथेही म्हैस गाळलीच. मग वाटलं, नाही, माझं गाळणं आणि त्यांचं गाळणं यांत फरक आहे. मी दुसरीचं गाळलं, मला किरकोळ वाटलं म्हणून. त्यांनी स्वतःचं गाळलं, कारण काय केव्हा सांगायचं हे त्यांनी ठरवलं होतं. ज्या घरात वही लपवावी लागते तिथे घराबद्दल कसं लिहिणार? आणि आधीच ज्या समाजाला सगळे नावं ठेवतात, त्याच्यातल्या पुरुषाचं गाऱ्हाणं त्यांच्यापुढे कसं मांडणार? आपल्याकडे येणारी बाई पहिल्या भेटीत सगळं सांगत नाही, तेव्हा आपण चिडतो. फाईलवर ‘माहिती लपवते’ असा शेरा मारतो. बेबीताईंचं पुस्तक वाचल्यापासून मी तो शेरा लिहिणं बंद केलं आहे.

आता चौथं वाचन. याला कोणी पुस्तक म्हणणार नाही. तो एक सरकारी अहवाल आहे. आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी कामगार बायकांच्या गर्भाशयं काढण्याबद्दल राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २०१९ साली आला. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक.

अहवालाची भाषा कोरडी असते. तरी मी त्याला नावं ठेवणार नाही. हा आकडा नसता तर हा सगळा प्रकार ‘बायकांची दुखणी’ म्हणून चुलीजवळच राहिला असता. आकड्यानं तो मुंबईपर्यंत नेला. आकड्याची ताकद आपण कमी लेखू नये.

पण आकडा वाचून मी ज्या बाईकडे गेले तिनं जे सांगितलं ते कोणत्या रकान्यात बसवायचं? वय पस्तिशीच्या आत. तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न झालेलं, कारण नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात आणि जोडी असली तरच पुरी उचल मिळते. पहाटे फडात उतरायचं, मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरायची, कोपीवर येऊन पुन्हा चूल पेटवायची. पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पाणी नाही. एक दिवस पडून राहिलं तर खाडा धरणार, पैसे कापणार. अंगावरून जायला लागलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाका, पुढे कॅन्सर होईल. ऑपरेशनचे पैसे मुकादमाकडूनच उचलले आणि ते फेडायला पुढच्या हंगामात पुन्हा गेली. आता कंबर धरते, हाडं दुखतात, जीव घाबरा होतो. ती म्हणाली, “मला कुणी जबरदस्ती केली न्हाई ताई. पण मला दुसरं कायबी कुणी सांगितलं न्हाई.”

मैत्रिणींनो, अर्जातल्या ‘संमती होती / नव्हती’ या दोन चौकटींपैकी कोणत्या चौकटीत या वाक्यापुढे खूण करायची? अहवालाला अहवालाचं काम आहे. पण हे वाक्य लिहून ठेवणं हे आपलं काम आहे. ते आपल्याशिवाय दुसरं कोणी करणार नाही.

पाचवं पुस्तक ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’. १९८९ सालचं. आंबेडकरी चळवळीत काम केलेल्या बायकांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याकडून ऐकून लिहिलेला हा इतिहास आहे. मला हे पुस्तक फार उपयोगी पडलं, कारण ते आपल्यासारख्याच कामातून तयार झालं आहे. पत्ते शोधायचे, दार वाजवायचं, ‘मी काय केलं, काही नाही’ असं म्हणणाऱ्या म्हातारीला बोलतं करायचं.

१९४२ च्या जुलैत नागपूरला दलित महिलांची परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. वीस-पंचवीस हजार बायका जमल्या. तिथे घटस्फोटाच्या हक्काचा ठराव झाला, एकापेक्षा जास्त बायका करण्याविरुद्ध ठराव झाला, गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्या बायकांना रजा आणि नुकसानभरपाई मिळावी असा ठराव झाला. ऐंशी वर्षं उलटून गेली. आपल्या फडातल्या बाईला अजून रजा हा शब्द लागू नाही, तिला खाडा लागू आहे! हे वाचून मला एकाच वेळी अभिमान वाटला आणि शरम वाटली. अभिमान यासाठी की आपण आज जे मागतो ते आपल्या आज्यांनी मागून ठेवलं आहे. ‘बायकांच्या हक्कांचं हे शहरातलं खूळ आहे’ असं कोणी म्हणालं तर ही परिषद त्याच्यासमोर ठेवा.

सहावी एक कादंबरी. कविता महाजन यांची ‘ब्र’, २००५ सालची. कविता महाजन आपल्या मराठवाड्याच्या, नांदेडला जन्मलेल्या. २०१८ साली, फार लवकर, त्या गेल्या. ‘ब्र’मधली प्रफुल्ला संसारातून बाहेर पडलेली आहे. ती एका संस्थेत काम करू लागते आणि आदिवासी भागातल्या महिला सरपंचांना भेटत फिरते. म्हणजे तुमची-माझीच गोष्ट. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत बायकांना जागा मिळाल्या, पण खुर्चीवर कोण बसतं आणि शिक्का कोणाच्या खिशात असतो हे आपण रोज बघतो. तोंडातून ब्र काढायचा नाही असं जिला लहानपणापासून शिकवलं, ती ग्रामसभेत उभी कशी राहते, याची ही कादंबरी आहे.

वाचताना माझं प्रफुल्लाशी भांडण झालं. कधी वाटलं, किती ही सगळं टिपून ठेवते, जगते कधी? कधी वाटलं, संस्थांबद्दल इतकं उघड कशाला लिहायचं, आधीच लोक टपलेले आहेत. मग लक्षात आलं की मला राग येतोय तो आरसा दाखवल्याचा. प्रकल्पाचा निधी, अहवालाची तारीख, पाहुणे येणार म्हणून बायकांना गोळा करणं, साहेबांपुढे त्यांना दोन वाक्यं बोलायला लावणं. यातलं मी काय केलेलं नाही? सगळं केलं आहे. एका भेटीच्या वेळी तर मी एका बाईला सांगितलं होतं, “मावशी, थोडक्यात सांगा, आणि ते बचत गटाचं आधी सांगा.” ही कादंबरी वाचल्यावर ते वाक्य मला झोपू देईना. कादंबरी खोटी असते असं म्हणतात. पण माझ्या कामाबद्दलचं खरं मला कोणत्याही प्रशिक्षणानं सांगितलं नव्हतं, ते या कादंबरीनं सांगितलं.

शेवटचं जे सांगायचं आहे ते छापील पुस्तक नाही, पण ते आपल्या माजलगावचं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, हजारावर गावांतून. पहाटे अंधारात, घरातले पुरुष झोपलेले असताना, दळता दळता बायकांनी जे म्हटलं ते सगळं. या संग्रहात आपल्या माजलगावच्या भीमनगर वस्तीतल्या बायकांच्या ओव्याही आहेत. १९९६ साली त्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांनी बाबासाहेबांवर ओव्या गायल्या. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळानं २०१७ साली त्या लोकांपुढे आणल्या. मोबाईलवर ऐकता येतात.

इतकी वर्षं मी त्या वस्तीवरून जाते. मला हे माहीत नव्हतं! ज्या वस्तीत आम्ही ‘जाणीवजागृती’ करायला जात होतो, तिथल्या बायकांच्या आवाजातली जाणीव कित्येक वर्षांपूर्वीच फितीवर उतरलेली होती.

त्या संग्रहात मला आवडलेली गोष्ट म्हणजे ओवीबरोबर गाणारणीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. ‘एक ग्रामीण महिला’ असं लिहिलेलं नाही. आपल्या कामात नाव झाकावं लागतं, तो तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे आणि त्यात तडजोड नको. पण नाव झाकताना आपण तिची बोली, तिचा राग, तिची म्हैस, सगळंच झाकून टाकतो. तेवढं झाकायची काही गरज नसते.

मी त्या ओव्या एका वस्तीच्या बैठकीत मोबाईलवर लावल्या. मागे बसलेल्या एक आजी आपल्या आपण सूर धरू लागल्या. मग त्यांनी स्वतःच्या चार-पाच ओव्या म्हटल्या. एक सासऱ्यावर होती, इतकी खमंग की सुना पदर तोंडात धरून हसल्या. मी वही काढणार तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, नळ आले, आणि सगळी बैठक हंडे घेऊन पळाली. म्हटलं, पुढच्या वेळी लिहून घेऊ. पुढच्या वेळी गेले तेव्हा दाराला कुलूप. आजी नातवंडं सांभाळायला लेक-सुनेबरोबर कारखान्यावर गेल्या होत्या. हंगाम संपल्यावर येतील तेव्हा मी वही घेऊन जाणार आहे. तोवर त्या ओव्या त्यांच्याजवळच आहेत, आणि त्या थकलेल्या आहेत.

मैत्रिणींनो, आता माझा मुद्दा. या जिल्ह्यातल्या बायकांबद्दल सर्वांत जास्त कोण लिहितं? लेखक नाही, पत्रकार नाही. आपण लिहितो. पोलीस ठाण्यासाठी, कोर्टासाठी, निधी देणाऱ्यांसाठी. आपल्या कपाटात हजारो पानं आहेत. पण त्यांतलं एखादं पान त्या बाईला वाचून दाखवलं तर ती म्हणेल का, की ही मीच? मी माझ्या जुन्या फायली काढून बघितल्या. बऱ्याच फायलींत मला एकच बाई दिसली. तिचं नाव ‘सदर’.

म्हणून मी तीन साध्या गोष्टी सुचवते. एक, कोणतंही निवेदन अंगठ्यापुरतं वाचून न दाखवता सावकाश, तिच्या बोलीत समजावून वाचायचं आणि विचारायचं, काय राहिलं? ती जे सांगेल ते लिहायचं, आपल्याला किरकोळ वाटलं तरी. दोन, फायलीबरोबर एक साधी वही ठेवायची. नाव-गाव न लिहिता, पण बाईचं वाक्य तिच्याच शब्दांत. ती वही निधी देणाऱ्यांना दाखवायची नाही आणि बाईच्या परवानगीशिवाय कुठे छापायची नाही. तीन, दर बैठकीत अर्धा तास एक पुस्तक मोठ्यानं वाचायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ऐकायचं आणि आधी त्यांनीच बोलायचं. ‘स्मृतिचित्रे’नं मला दाखवलं की त्यांना जे ऐकू येतं ते आपल्याला येत नाही.

कामाच्या ढिगात हे कसं जमणार, असं तुम्ही विचाराल. मलाही रोज जमत नाही. मागच्याच आठवड्यात घाईत मी एका अर्जात पुन्हा ‘सदर महिला’ लिहिलं. खोडलं आणि वर लिहिलं, ‘मी’. पुढची सगळी वाक्यं बदलावी लागली. अर्धा तास जास्त गेला.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक वाचलेलं पुस्तक आणि एक आपणच लिहिलेला जुना केसपेपर, नाव खोडून, घेऊन यावा. दोन्ही आपण एकत्र वाचू. माझं बोलणं इथे थांबवते. तुम्हाला काय वाटलं ते आता सांगा.